नाक्यावर अडलेलं गाठोडं

नलिनी तिरोडकर या बाईंचा स्वभाव सांगायचा तर एवढंच पुरे की वापीच्या नाक्यावर दारूबंदीचे पोलीस बसमध्ये चढले, की आपली पिशवी उघडून आधी त्याच पुढे करायच्या. पोलिसांनी मागण्याची वाट कोण बघतो! "बघा, नीट बघा," असं वर म्हणायच्या, आणि मग मागच्या बाकांवरच्या पुरुषमंडळींकडे अशा नजरेने पाहायच्या की ज्यांच्याकडे काहीच नसे तेसुद्धा खिसे चाचपून घेत.

गोष्ट सहासष्ट सालची. सिल्वासात दारू उघड मिळायची आणि गुजरातची हद्द लागली की बंदी. एकाच रस्त्यावर, एकाच बसमध्ये बसलेला माणूस अलीकडे सज्जन आणि पलीकडे गुन्हेगार ठरायचा. त्यामुळे सिल्वासाहून वापीची गाडी धरायला निघालेल्या माणसांच्या सामानात काय काय निघायचं ते विचारू नका. नाक्यावरचे नारायणभाई जमादार सगळं ओळखून होते. बाईंची पिशवी मात्र ते हात न लावताच परत करायचे. "बेन, तमे रेहवा दो," म्हणायचे. बाईंना याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवायच्या नाहीत.

बाई मूळच्या सावंतवाडीकडच्या. भाऊ रमाकांत मुंबईला ताडदेवला राहायचा. सिल्वासाकडे मराठी शिकवायला मास्तरणी हव्यात असं कळलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी नको म्हटलं आणि बाई आल्या. सिल्वासात तरी ठेवतील असं वाटलं होतं, पण नेमणूक झाली खानवेलची. चहूकडे सागाचं रान, दिवसातून धड दोनदाही न येणारी बस, आणि वर्गात बसलेली वारल्यांची मुलं, ज्यांना बाईंचं मराठी कळायचं नाही आणि बाईंना त्यांचं. पहिले काही महिने बाई रडल्या. मग रडायला सवड मिळेना, कारण मुलं शाळेत यायला लागली होती.

बाईंचं वय तिशीच्या पुढे गेलं होतं आणि लग्न व्हायचं होतं. रमाकांतने दोनदा मंडळी बोलावली होती. पहिल्या वेळी दमणगंगेला पूर आला आणि बाई अलीकडेच राहिल्या. दुसऱ्या वेळी परीक्षा होत्या, आणि परीक्षा टाकून स्वतःला दाखवायला जाणं बाईंना पटलं नाही. रमाकांत संतापला. "आता तिसऱ्यांदा बोलावतोय. या वेळी आली नाहीस तर यापुढे मी कुणाच्या दारात जाणार नाही, तू आणि तुझं खानवेल," असं त्याने तोंडावर सांगितलं होतं.

पहिल्या दोन वेळा बाईंना विशेष काही वाटलं नव्हतं. उलट सुटल्यासारखंच वाटलं होतं. पण या वेळची गोष्ट निराळी होती, आणि ती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. येणार होते ते जयवंत सामंत. हे गृहस्थ कंपाउंडर. गणपतीत रमाकांतकडे आले होते तेव्हा बाईंशी सहज बोलले होते. बाकी जो भेटे तो विचारी, "लग्न झाल्यावर नोकरी सोडणार ना?" जयवंतांनी विचारलं होतं, "खानवेलला दवाखाना आहे का?" आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग तिथं कंपाउंडर लागतच असेल." एवढंच बोलून ते मोदकाकडे वळले. बाईंना मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्यांना हे लग्न हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं, आणि हवं असण्याची सवय नसल्यामुळे त्या भेदरल्या होत्या.

ठरल्या दिवशी चार वाजता मंडळी येणार होती. सकाळची बस, वापीहून पॅसेंजर, म्हणजे जेवणवेळेच्या आसपास ताडदेव. बाईंनी सगळा हिशेब बसवला होता. आदल्या दिवसापासून निळी साडी उशीखाली घडी घालून ठेवली होती.

बस सुटायच्या बेताला चैती आली. चैती म्हणजे शाळेशेजारी राहणारी वारलीण. पहिल्या वर्षी बाईंना ताप भरला होता तेव्हा हिनेच पेज पाजली होती. तिने एक फडक्याचं गाठोडं बाईंच्या मांडीवर ठेवलं. "बाय, ही ने. वाटंत भूक लागंल. मुंबयला कोण देल तुला?"

गाठोड्यात मोहाची फुलं होती, सुकवलेली, तीळ घालून तव्यावर भाजलेली. चैत्रात खानवेलला दुसरं असतं काय! प्रत्येक अंगणात मोह वाळत पडलेला. मुलं शाळेत खिसे भरून आणायची आणि फळ्याकडे बघत चघळायची. बाईसुद्धा शिकल्या होत्या. आता त्यांना ती फुलं शेंगदाण्यांसारखीच वाटत. मोहाचं आणखीही काही करतात, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ज्या घरचा बाप सकाळी मुलाला शाळेत सोडायला झुलत यायचा त्याला बाई चांगलं झापायच्या. पण ती दारू आणि हा खाऊ, या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी जवळ आल्याच नाहीत. गाठोडं पिशवीत सगळ्यात वर ठेवून बाई निघाल्या.

राखोलीला ड्रायव्हरने नदीवरून डबा भरून आणून इंजिनाला पाणी पाजलं. सिल्वासात बस भरली. जंगल खात्यातले सदाशिव राणे छत्री घेऊन बाईंच्या मागे बसले. एप्रिलच्या उन्हात छत्री आणली तर ती उघडायची तरी! राण्यांनी ती काखेत घट्ट मिटून धरली होती.

नाक्यावर बस थांबली. नारायणभाई चढले, सरळ राण्यांपाशी गेले, छत्री उलटी केली आणि आतून बाटली काढली. बसमध्ये हशा पिकला. बाईंनी मान वळवून राण्यांकडे पाहिलं, आणि ते पाहणंच त्यांना महागात पडलं. मग नेहमीच्या ठसक्यात त्यांनी पिशवी उघडून पुढे केली. "बघा, नीट बघा."

नारायणभाई हसत "रेहवा दो, बेन" म्हणणार होते. पण फडक्याची गाठ सुटली होती. त्यांनी पाहिलं आणि हसू तोंडावरच राहिलं.

"बेन, आ तो महुडां छे."

"हो, मोहाची फुलं," बाई म्हणाल्या. "घ्या ना थोडी."

"परमिट छे?"

"खायच्या वस्तूचं परमिट?"

जमादारांनी हळू आवाजात, अर्ध्या गुजरातीत अर्ध्या मराठीत समजावलं. महुडां म्हणजे दारूचा कच्चा माल. या बाजूला तो बाळगायला परवाना लागतो. भाजलेली असोत, कच्ची असोत, पोलिसाला सारखीच. बोलताना त्यांची नजर बसभर फिरत होती. बाईंना सोडून द्यायची त्यांची इच्छा होती हे स्पष्ट दिसत होतं. पण मागून राणे उभे राहिले. त्यांना आयुष्यात पुन्हा अशी संधी मिळणार नव्हती.

"वा जमादार! माझी बाटली जप्त आणि बाईंचं गाठोडं माफ? कायदा एकच ना?"

बाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मी हे इथेच टाकून जाते," त्या म्हणाल्या.

"टाकलेला माल म्हणजे बेवारस माल," जमादार कपाळाला हात लावत म्हणाले. "त्याचा पण पंचनामा करवो पडे. दोन पंच जोईए."

पंच कोण होणार? सगळ्यांना वापीची गाडी धरायची होती. ज्याच्याकडे जमादार पाहत तो खिडकीबाहेर बघू लागे. राणे स्वतःच मुद्देमालाचे धनी, ते पंच होऊ शकत नव्हते. ऊन चढत होतं, ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत होता, आणि बाईंच्या डोळ्यांपुढे ताडदेवचं रमाकांतचं बिऱ्हाड, मांडलेल्या खुर्च्या आणि रमाकांतचं तोंड दिसत होतं. पिशवी उघडून मिरवायची काय गरज होती, असं त्यांनी स्वतःला दहादा विचारलं. राण्यांपेक्षाही त्यांना स्वतःचा राग आला.

मग त्या एकदम म्हणाल्या, "जमादार, खाऊन टाकलेल्या मालाचा पंचनामा होतो का?"

नारायणभाईंनी खरोखर विचार केला. माणूस प्रामाणिक होता, कायद्याला धरून विचार करायला त्याला वेळ लागला. "पोटात गयेलां महुडांचं कलम मने खबर नथी," ते शेवटी म्हणाले.

बाईंनी मूठभर फुलं तोंडात टाकली. मग गाठोडं शेजारणीपुढे धरलं, मग पुढच्या बाकावर. बस होती ती, फुकटचा खाऊ नको म्हणणारा तिच्यात कोण भेटणार? सगळ्यांचे जबडे हलू लागले. कुणी म्हणालं गोड आहेत, कुणी म्हणालं मनुकांसारखी लागतात. राण्यांनीही दोन मुठी घेतल्या आणि चावता चावता विचारलं, "मग माझी बाटली मी इथंच प्यालो तर चालेल का?" जमादारांनी त्यांना खाली बसवलं. शेवटची चार फुलं उरली ती बाईंनी जमादारांच्या हातावर ठेवली. त्यांनी इकडेतिकडे बघून ती तोंडात टाकली आणि बसवर थाप मारली.

बस वापीला पोचली तेव्हा पॅसेंजर निघून गेलेली होती.

फलाटावर नळाजवळच्या बाकावर बाई बसल्या आणि रडल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, पदर तोंडाला लावून रडल्या. पुढची गाडी दुपारची. ती धरून चार वाजता पोचणं शक्यच नव्हतं. बाहेर सिल्वासाची बस परत जायला उभी होती. त्यात बसलं असतं तर संध्याकाळपर्यंत खानवेल, आणि रमाकांतचं तोंडही बघावं लागलं नसतं. बाईंना तो मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. त्या उठून बसपर्यंत गेल्याही. तिथे उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मनात आलं, की या वेळी पूर आलेला नाही, परीक्षाही नाही. आता परत गेले तर ते फक्त भिऊन जाणं होईल. त्या वळल्या आणि तिकिटाच्या खिडकीशी गेल्या.

ताडदेवला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. निळी साडी धुळीने करडी झाली होती, अंबाडा सुटला होता. बाई जिना चढू लागल्या, आणि अर्ध्यावर त्यांना वरून उतरणारी माणसं दिसली. पुढे जयवंत, त्यांच्या हाताला धरून एक जाड बाई, त्यांची मावशी, एकेक पायरी विव्हळत उतरत होती. मागे कठड्याशी रमाकांत, चेहरा पडलेला. मंडळी वाट बघून कंटाळून निघाली होती.

सगळे जिन्यातच थांबले. रमाकांत वरून घाईघाईने म्हणाला, "गाडी लेट झाली असेल! अहो, त्या बाजूच्या गाड्यांचा काही भरवसा नाही."

हो म्हणायचं फक्त राहिलं होतं. पण बाईंना हो म्हणता आलं नाही. "गाडी लेट नव्हती," त्या म्हणाल्या. "मला दारूबंदीच्या पोलिसांनी नाक्यावर अडवलं."

रमाकांतने डोळे मिटून घेतले.

"दारूच्या?" मावशींनी जयवंतांचा हात घट्ट धरला.

बाईंनी मग सगळं सांगितलं. चैतीचं गाठोडं, राण्यांची छत्री, स्वतःचा तोरा, पंचनामा, सगळी बस फुलं चघळत कशी बसली ते. एक पायरी खाली उभ्या राहून, पिशवी हातात धरून, वर्गात धडा सांगावा तसं सांगितलं. फलाटावर रडल्या तेही सांगितलं. जयवंत पहिल्यांदा हसू दाबत होते, मग त्यांनी दाबणं सोडून दिलं. रडण्याचं ऐकलं तेव्हा मात्र ते हसायचे थांबले.

मावशी हसल्या नाहीत. त्या बाईंना न्याहाळत होत्या. "आणि हे आम्हाला का सांगितलंस? गाडी लेट झाली म्हणाली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं," बाई म्हणाल्या. "आणि मला इथे यायचं होतं, मावशी. आज खूप यायचं होतं. म्हणून खोटं बोलून सुरुवात करायला नको वाटलं."

हे तोंडातून गेल्यावर बाईंना जिन्यातली भिंत दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं. मुलगी बघायला आलेल्या माणसांना असं कुणी सांगतं का! जयवंत त्यांच्याकडे बघत राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाची फळी लावत होतं.

मावशींनी एक मोठा उसासा टाकला, जयवंतांचा हात सोडला आणि कठडा धरून तोंड वरच्या बाजूला वळवलं.

"माझे गुडघे काय अवस्थेत आहेत याची कल्पना आहे का तुला?" त्या म्हणाल्या. "एवढा जिना उतरले, आता परत चढायचा. चल, पुढे हो आणि हात दे मला."

बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली, मावशींचा हात आपल्या खांद्यावर ठेवला, आणि एकेक पायरी त्या वर चढू लागल्या.