मुराळी मामा आणि चार चाकांतली हवा

माझा मामा कुठल्याही गोष्टीची परीक्षा मुठीने घ्यायचा. टरबुजावर मूठ मारून ते गोड की फिकं ते सांगायचा, भिंतीवर मारून गवंड्याने किती सिमेंट खाल्लं ते सांगायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा नवरदेवाच्या पाठीत त्याने अशी मूठ घातली की अक्षता पडेपर्यंत बिचाऱ्याला सरळ उभं राहता येईना. "पक्का हाय," मामाने निकाल दिला. निकाल बरोबर निघाला, पण पाठ अजून दुखते.

मामा आता नाही, म्हणून बिनधास्त लिहिते. असता तर प्रत्येक ओळीत त्याने स्वतःची उंची वाढवून घेतली असती.

बोथला माझ्या माहेराशेजारीच त्याचं घर, आणि भाजीचा ठोक धंदा. गावात विजेवर चालणारी पहिली कार त्याचीच. बघायला इतके लोक आले की त्या दिवशी बाजार आमच्या अंगणातच भरला. एका म्हाताऱ्याने बॉनेटखाली डोकावून, तुमचं इंजीन चोरीला गेलं, असंही सांगितलं. मामाला मात्र एकच वेड लागलं, बॅटरीचा टक्का. टक्का वाचवायचा म्हणून एसी बंद, गाणी बंद, मामीने जरीची जड साडी नेसायची नाही. टायर कडक असले की गाडी कमी विजेत पळते, असं कुणीतरी त्याच्या कानात घातलं. मग मामाने इतकी हवा भरली की मूठ मारली तर टायर देवळातल्या घंटेसारखा घुमायचा. दारावर कंपनीने हवेचा आकडा छापला होता. मामाने तो वाचलाही होता. "कंपनीवाले एसीत बसून हवा भरून राह्यले. त्याईले बोथचा रस्ता काय ठाऊक?"

मला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. मला सख्खा भाऊ नाही, म्हणून मुराळी होऊन मला आणायला येण्याचा मान मामाचा. सासर बेल्याच्या पुढे. आदिलाबाद सोडलं की तिकडे रस्ता कमी आणि रस्त्याच्या आठवणी जास्त. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हिला धक्का बसता कामा नये. मी बॅग भरून दारात उभी. आईकडे जायला जीव इतका तुटत होता की मी नांगरावर बसूनही गेले असते. पण सासूबाई मध्ये आल्या. "भाऊ, आधी मले बसवा. मले पटलं तर सून धाडतो."

मामाने त्यांना वेशीपर्यंत फिरवून आणलं. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे प्रत्येक खड्डा स्वच्छ ऐकू आला. सासूबाई उतरल्या तेव्हा अंबाडा सुटलेला, आणि कानातलं एक फूल पुढच्या सीटखाली सापडलं.

"गाडी हाय का उखळ? मी मुसळावानी वरखाली होऊन राह्यली."

मामा रिकामी गाडी घेऊन परत गेला. मी बॅग उघडली.

आठवड्याने तो पुन्हा आला, गालात हसत. पूर्वी पोटुशी लेक बैलगाडीतून आणायची तर खाली जाड कडबा अंथरत. मामाने हिशेब केला, मोटारीत कडबा म्हणजे कमी हवा. चारी टायर त्याने पुरणपोळीसारखे मऊ करून आणले होते. सासूबाई पुन्हा फेरीला बसल्या, आणि खड्डे खरंच कळले नाहीत. पण बॅटरीचं धूड पोटाशी बांधलेली जड गाडी ती. वळणावर टायर एकीकडे, गाडी दुसरीकडे, आणि सासूबाई या दारावरून त्या दारावर. समोरून ट्रॅक्टर आला, मामाने स्टेअरिंग फिरवलं, तर गाडीने आधी विचार केला आणि मग ऐकलं.

"भाऊ, खड्डे बरे होते," सासूबाई म्हणाल्या. "हे तं पाण्यातली म्हैस हाय."

मामा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "अशी नाही नेत तुले, बाई."

त्यानंतर बोथ ते इचोडा रस्त्यावर जे झालं ते मामीकडून ऐकलेलं. मामी मागच्या सीटवर, तिच्या मांडीवर काठोकाठ ताकाची चरवी. मामा रोज हवा थोडी वाढवायचा, थोडी सोडायचा. हवा जास्त झाली की ताक मामीच्या तोंडावर, कमी झाली की वळणावर कुशीत. "त्या आठवड्यात मी ताक प्याली नाही, नेसली," मामी सांगते. एके दिवशी थेंबही सांडला नाही. मामाने हवेचं मीटर लावलं. आकडा तोच, दारावर छापलेला. मामीने नुसतं बोट दाखवलं.

"पाह्य," मामा म्हणाला, "आली ना कंपनी शेवटी माह्या लाईनीवर."

तिसऱ्या खेपेला सासूबाई फेरी मारून आल्या आणि उतरल्याच नाहीत. "येऊ दे सुनेले. मी पण येतो आदिलाबादपर्यंत." मी बसले ती बोथ येईस्तोवर झोपले. मामा आईपाशी कुरकुरला, "एवढी हवा जमवली, आन् पोरगी घोरून राह्यली."

बाळ तीन महिन्यांचं झालं आणि परत पोचवायची वेळ आली. दुपारी निघायचं ठरलं. मामाने टायरला हात लावला. "तापले. तापल्या टायरची हवा मीटर खोटी दाखवते. सकाळी थंड असले की मोजू." आता ही गोष्ट खरी आहे, कुणीही हवावाला सांगेल. पण सकाळी मामा बाळाला घेऊन अंगणात बसायचा, आणि त्याचं खेळवणं होईपर्यंत ऊन वर येऊन टायर पुन्हा तापायचे. असं रोज. शेवटी सासूबाईंचा फोन आला, "भाऊ, तुमच्या बोथले टायर थंड होतच नाहीत काय?"

दुसऱ्या दिवशी मामीने तांबडं फुटायच्या आत बाळाला स्वतःच्या कडेवर घेतलं आणि मामाच्या हातात मीटर दिलं. तो चारी चाकांपाशी उकिडवा बसला. मोजून झाल्यावर उठला, पुन्हा पहिल्या चाकापाशी गेला आणि परत मोजलं.

"बरोबर हाय," तो म्हणाला. मग माझ्यासाठी मागचं दार उघडलं, आणि मी बसल्यावरही ते लावलं नाही. मामीने त्याचा हात सोडवून लावलं.