खाणीचं उरलेलं आयुष्य

खाणीच्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं कोळसा जाळत होती. सकाळी आलेला नमुना कुटायचा, चाळायचा, चमचाभर मुशीत घालून भट्टीत ठेवायचा आणि मागे उरलेली राख तोलून वहीत लिहायची. राख जास्त, तर कोळसा हलका. या कामामुळे अख्खी कॉलनी तिला राखताई म्हणायची. नवरा त्याच खाणीत डंपर चालवायचा, चिडला की तोही विचारायचा, "राखताई, जेवायला वाढताय का?"

वहीतली राख दर वर्षी थोडी थोडी वाढत होती. याचा अर्थ काय, असं तिने एकदा एका अधिकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही आकडे लिहा. अर्थ आम्ही लावतो." हे तिला फारच लागलं. बेचाळिसाव्या वर्षी तिने विद्यापीठात नाव घातलं. विषय खनिज आणि ऊर्जा अर्थशास्त्र, पदव्युत्तर, तास फक्त शनिवार-रविवारी. बसने दोन तास जायला, दोन तास यायला. वर्गातली मुलं तिला काकू म्हणायची आणि तिच्याच वह्या उतरवून घ्यायची.

प्रबंधासाठी तिने आपलीच खाण घेतली. प्रश्न साधा होता: कोळसा संपायच्या आधी तो काढणं परवडेनासं कधी होईल? थर खोल जात होते, टनभर कोळशासाठी जास्त माती उपसावी लागत होती, आणि राखेमुळे भाव पडत होता. कंपनी सगळ्यांना सांगायची, अकरा वर्षं काळजी नाही. तिचं उत्तर आलं, चार.

नवऱ्याच्या निवृत्तीला बरोबर अकरा वर्षं उरली होती.

तोंडी परीक्षेच्या आठ दिवस आधी खाणीच्या व्यवस्थापकांनी तिला बोलावलं. प्रयोगशाळेतल्या वह्या वापरायची परवानगी त्यांनीच दिली होती, तीही मोठ्या कौतुकाने. आता प्रबंध त्यांच्या टेबलावर पडला होता.

"ताई, शेवटचं प्रकरण काढून टाका," ते म्हणाले. "बाकीचं छान आहे. पदवी कुठे जात नाही."

"साहेब, शेवटच्या प्रकरणात उत्तर आहे."

"म्हणूनच म्हणतोय. हे बाहेर गेलं तर उद्या अर्धे लोक दुसरीकडे नोकरी शोधतील. खाण चालवायची कुणी?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "परीक्षेला विद्यापीठाने मलाही बोलावलंय. वह्या मी घेऊन येणार आहे. एकेक पान बघू आपण."

घरी येऊन तिनेही वह्यांच्या झेरॉक्सचं एकेक पान बघायला सुरुवात केली. साहेबांना काही सापडायच्या आत आपल्याला सापडायला हवं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

आणि शनिवारी दुपारी सापडलं.

खालच्या थराचे दोन वर्षांचे नमुने वाळवून तपासले होते. बाकी सगळे जसे आले तसे, ओले. वाळवलेल्या कोळशात राखेचा टक्का जास्त दिसतो, हे प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात. तिनेच कितीतरी जणांना शिकवलं होतं. आणि तिनेच दोन्ही आकडे एका रांगेत जोडले होते. खालचा थर होता त्यापेक्षा वाईट दिसत होता. म्हणजे चार हे उत्तर चूक.

ती ओट्यापाशी खाली बसली.

नवरा आत आला. सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अगं, मग सुटलीस की! चूक झाली म्हण आणि सगळंच मागे घे. साहेब खूश, कॉलनी खूश."

"आणि तुम्ही?"

"मला अकरा वर्षं हवीत," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

तिने मार्गदर्शक मॅडमना फोन लावला.

"छापील प्रती गेल्यात," मॅडम म्हणाल्या. "बाहेरून येणारे परीक्षक भयंकर कडक आहेत. गप्प राहिलात तर कदाचित निभावेल. पण निभावलं पाहिजे असं मी म्हणणार नाही. आधी नवा आकडा किती येतो ते बघा."

रविवार त्यातच गेला. तीनदा मांडलं, तिन्ही वेळा उत्तर तेच.

सोमवारी परीक्षेची खोली लहान होती. एक लांब टेबल, मागे फळा. मॅडम एका टोकाला, मधे जाड चष्म्याचे परीक्षक, दुसऱ्या टोकाला व्यवस्थापक. त्यांच्यासमोर तिच्याच अक्षरातली वही उघडी होती आणि पानांत पिवळ्या चिठ्ठ्या खोचलेल्या. तिने दुरूनच ओळखलं, पान खालच्या थराचं होतं. त्यांना सापडलं होतं. ते चष्मा पुसत आपली पाळी यायची वाट बघत होते.

"बसा," परीक्षक म्हणाले. "सुरुवात करा."

ती बसली नाही. "सर, आधी एक सांगायचंय. माझ्या शेवटच्या प्रकरणात चूक आहे. दोन वर्षांचे वाळलेले नमुने मी ओल्या नमुन्यांत मिसळले. चूक माझी आहे आणि ती परवा मला सापडली."

व्यवस्थापकांचा हात चिठ्ठीवरच राहिला. मग ते हसले. "म्हणजे बघा सर, मीही हेच सांगणार होतो. पायाच कच्चा आहे. निष्कर्ष रद्दच करायला हवा."

परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी खडू पुढे केला. "दुरुस्त करा. इथेच. मनातलं नको, सगळ्या पायऱ्या लिहा."

पहिली ओळ लिहिताना खडू तुटला. दुसरा घेतला. राख, तिच्याखाली ओलावा, मग भाव, मग टनामागची माती. एका पायरीवर परीक्षक म्हणाले, "हे पुन्हा," आणि ती घाबरून गेली. पण त्यांना फक्त अक्षर लागलं नव्हतं. अर्ध्या तासाने फळा भरला. खाली उत्तर होतं, सहा.

"चारचे सहा झाले," परीक्षक म्हणाले. मग प्रथमच दुसऱ्या टोकाकडे वळले. "आणि तुमचे अकरा कुठून आले?"

व्यवस्थापकांनी कागद चाळले. "ते... मुख्यालयाने काढलेत."

"माती उपसायचा खर्च दर वर्षी वाढवून धरलाय, की आजचाच?"

"आजचाच," ते हळूच म्हणाले.

परीक्षकांनी महिन्याची मुदत दिली: प्रकरण नव्याने लिहून द्या, चुकीसकट, ती कशी सापडली तेही लिहा. निकाल त्यानंतर. बाहेर आल्यावर मॅडमनी तिचा दंड घट्ट धरला.

कॉलनीत बातमी तिच्या आधी पोचली होती. डंपरवाल्यांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. पाण्याच्या नळावर एक शेजारीण म्हणाली, "ताई, अजून एक चूक शोधा की, म्हणजे आठ होतील!" सगळ्या हसल्या, ती कळशी घेऊन घरी आली आणि दार लावून रडली. दोन महिने नवरा तिच्याशी मोजकंच बोलत होता. पदवी मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा त्याने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "अभिनंदन." बस्स, एवढंच.

त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीनेच नवा आराखडा जाहीर केला. त्यात सात वर्षं होती. सहा की सात, यावर तिने वाद घातला नाही. कुणी तिची माफी मागितली नाही, पण लोक एकेक करून दारात यायला लागले. पोराला कोणत्या शाखेला घालू, क्रेनचं लायसन्स काढू का, घराचा वरचा मजला बांधू की थांबू? तिला ठाऊक होतं तेवढं ती सांगायची, नसेल तर तसं म्हणायची.

एका रविवारी नवरा प्रशिक्षणाचा अर्ज घेऊन समोर बसला. बंदरावरच्या मोठ्या क्रेनचा होता.

"यात गणिताची परीक्षा आहे," तो अर्जाकडे बघतच म्हणाला. "टक्केवारी मला कधी जमली नाही."

तिने वही ओढली. "पेन्सिल घ्या. आणि चिडायचं नाही."

पहिल्याच गणिताला तो चिडला.