आमच्या स्टुडिओतले दिवे कुणाचं ऐकतात?

फोटोंचा बॅकअप मी रोज संध्याकाळी न चुकता घेते. किस्स्यांचा घ्यावा लागत नाही. एखादा दिवा चुकीच्या वेळी पेटला, किंवा बरोबर वेळेला पेटला नाही, की झाला किस्सा तयार! खासबागच्या आमच्या स्टुडिओत असे इतके साठलेत की गिऱ्हाईक नसलं की मी आणि आप्पा तेच एकमेकांना ऐकवतो. फक्त चूक कुणाची होती, हे दोघं वेगवेगळं सांगतो.

आप्पा म्हणजे माझे वडील. स्टुडिओ त्यांचा, हट्टही त्यांचेच. मी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स करून त्यांच्या हाताखाली आले आणि दोन वर्षं काय काढलं? तर लग्नाच्या पंगतीत जिलेबी खाणाऱ्या लोकांचे फोटो! स्टेजसमोर उभा राहणारा मेन कॅमेरा आप्पांकडे. मला तो हवा होता. आणि तो मिळणं अडलं होतं एका फालतू प्रश्नावर: दिवे पेटवायचे कसे?

आप्पांची पद्धत स्लेव्हची. प्रत्येक मोठ्या दिव्याच्या पाठीला एक काचेचा बारका डोळा असतो. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश किंवा शेजारचा दिवा उडाला, म्हणजे लखकन चमकला, की तो डोळा बघतो आणि मोठा दिवाही त्याच क्षणी उडतो. माझं म्हणणं, रेडिओ ट्रिगर घ्या. कॅमेऱ्यावर एक डबी, प्रत्येक दिव्याला एक डबी. बटण दाबलं की दिव्याला रेडिओवरून निरोप जातो, बघण्याबिघण्याचा संबंधच नाही.

आप्पा म्हणाले, "देवानं दिव्याला डोळा दिलाय. त्येला कान कशाला लावतीस गं?"

"डोळा देवानं नाही, कंपनीनं दिलाय!"

तिथून जे सुरू झालं, ते हे.

*

वडगावात एका विणकराच्या घरचं लग्न होतं. नवरीचे मामा बेंगळुरूहून स्वतःचा कॅमेरा घेऊन आले होते. वर फ्लॅशही होता. आता स्लेव्हच्या डोळ्याला कुठला फ्लॅश आपला आणि कुठला मामांचा, ते काय कळणार? मामांनी बटण दाबलं की आमचे तिन्ही दिवे फाट्‌कन उडायचे. मग ते परत चार्ज होत असताना आप्पा बटण दाबायचे. आप्पांचे फोटो काळेकुट्ट, मामांचे एकदम झकास!

आठ दिवसांनी मामा स्टुडिओत आले. मोबाईलवर आपले फोटो दाखवत म्हणाले, "आप्पा, राग मानू नका, पण तुमच्यापेक्षा माझे चांगले आलेत."

आप्पा चष्मा पुसत म्हणाले, "येणारच की! दिवं आमचं हुतं."

मी तिथंच म्हटलं, बघा, रेडिओ असता तर असं झालं नसतं. आप्पांनी मला पासपोर्ट फोटो कापायला बसवलं.

*

मग आप्पांनी नवा कॅमेरा घेतला आणि माझी खात्री पटली की आता स्लेव्ह संपला. कारण हा नवा कॅमेरा खरा फ्लॅश मारण्याआधी, उजेडाचा अंदाज घ्यायला, एक बारकासा फ्लॅश मारतो. आपल्याला तो वेगळा कळतसुद्धा नाही. पण स्लेव्हला कळतो! दिवे त्यालाच बघून आधी उडून मोकळे. मी सांगितलं, "आप्पा, सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करा."

"तुझा जलम व्हायच्या आधीपासनं फोटो काढालोय मी."

ठीक आहे, काढा!

त्याच आठवड्यात एका शाळेच्या शिक्षकांचा ग्रुप फोटो होता. तीन रांगा, पुढे खुर्चीवर हेडसर. आप्पांनी अकरा फोटो काढले. अकराही अंधारात. दिसत होते ते फक्त हेडसरांचे दात. हेडसर उठून कॅमेऱ्यात बघायला आले आणि चिडलेच.

"अहो, उजेड तर पडला की! माझे डोळे अजून दिपलेत!"

"सर," आप्पा शांतपणे म्हणाले, "तुमच्या डोळ्यात गेला त्यो कॅमेऱ्यात कसा यील?"

मी पुढे होऊन सेटिंग बदललं. बारावा फोटो स्वच्छ आला. तो आता शाळेच्या ऑफिसात लावलाय. घरी आल्यावर आप्पा मात्र आईला म्हणाले, "बारावा लई बेस काढलो."

*

आता माझाही किस्सा सांगते, नाहीतर आप्पा सांगतीलच.

शेवटी मी ट्रिगर मागवले. एक कॅमेऱ्यासाठी, तीन दिव्यांसाठी. पहिल्यांदा वापरले ते एका साखरपुड्याला. एकाच कंपाउंडमध्ये दोन हॉल होते, आमच्या शेजारच्या हॉलमध्ये बारसं. मी मोठ्या थाटात दिवे लावले, आप्पांना सांगितलं, "आता बघत बसा."

ते खरंच खुर्ची घेऊन बघत बसले.

मी कॅमेऱ्याला हातसुद्धा लावला नव्हता आणि दिवे उडायला लागले. एकदा, दोनदा, धडाधड! नवरीची आई घाबरून म्हणाली, "शॉर्ट सर्किट हाय काय गं?" मी डबी काढली, पुसली, परत लावली. दिवे उडतच होते. पाच मिनिटांनी शेजारच्या हॉलचा फोटोग्राफर घाम पुसत दारात आला.

"ताई, तुम्ही पण एक नंबर चॅनेलवर हाय काय? तिकडं बाळ रडालंय!"

त्याच्याकडेही त्याच कंपनीचे ट्रिगर होते. तो बटण दाबायचा, माझे दिवे उडायचे. मी दाबलं की त्याचे उडायचे. एक चाक फिरवून चॅनेल बदलायचा, एवढंच काम. ते डबीबरोबरच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

आप्पा खुर्चीतून म्हणाले, "कान लावलीस ते बरं केलीस. पर त्ये शेजाऱ्याचं बी ऐकालेत की गं!"

पुढचे तीन आठवडे मी परत जिलेबीवर.

*

तेवढ्यात निपाणीहून काम आलं. एका जैन घरातली मुलगी, श्वेता तिचं नाव, लग्नाआधीचे फोटो तिला त्यांच्या तंबाखूच्या शेतातच हवे होते. तेही दुपारी, "आज्जाला बघायचंय" म्हणून. आज्जा म्हणजे तिचे आजोबा. काठी टेकत बांधावर उभे.

आप्पांनी स्लेव्हच नेला. आणि भर उन्हात स्लेव्ह आंधळा! एवढ्या प्रकाशात त्याला कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश दिसेना. आप्पा हरणारे नव्हेत. म्हणाले, डोळ्यावर सावली पाहिजे. रस्त्यावरच्या टपरीवरून चहा मागवला. चहा पिऊन कागदी कप रिकामा केला, बूड कापलं आणि डोळ्याभोवती नळीसारखा लावला. पुरेना. अजून एक कप हवा, म्हणून अजून एक चहा. तो पुरेना, म्हणून सगळ्यांना चहा. आज्जांनीसुद्धा निमूटपणे दोन घेतले. तासाभरात चहा नऊ झाले, फोटो दोन आले!

मग मी पिशवीतून ट्रिगर काढून लावला. चॅनेल बदलला. (हो, बदलला!) बटण दाबलं. दिवा उडाला. परत दाबलं, परत उडाला. शेताच्या पार टोकाला जाऊन दाबलं, तरी उडाला.

आप्पा दहावा चहा पीत होते. म्हणाले, "उन्हात चालतंय म्हणायचं."

माझ्या वडिलांच्या तोंडून याच्यापेक्षा मोठं कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही.

*

ते फोटो श्वेताला इतके आवडले की तिने फोन करून सांगितलं, "लग्नात मेन कॅमेरा ताईंकडेच पाहिजे." मी स्टुडिओत नाचले. दुसऱ्या दिवशी आज्जांचा आप्पांना फोन. आवाज इतका मोठा की मला पलीकडून ऐकू येत होता.

"पोरगी काढणार व्हय? अक्षता एकदाच पडत्यात! परत टाका म्हणायला येत न्हाय!"

आप्पा म्हणाले, "मी हाय की सोबत." आणि फोन ठेवून माझ्याकडे वळले. "कॅमेरा तुझा, दिवं तुझं, रेडिओ तुझा. एक दिवा जरी चुकला, तर मेन कॅमेरा परत माझ्याकडं. आणि पुन्हा रेडिओचं नाव काढायचं न्हाय."

"चालेल!"

आदल्या संध्याकाळी मी सगळे सेल दोन चार्जरमध्ये लावले. पाहुण्यांच्या फ्लॅशने दिवे उडू नयेत म्हणून तिन्ही दिव्यांच्या डोळ्यांवर काळ्या टेपच्या पट्ट्या लावल्या, घट्ट दाबून. आप्पा बघत होते. "डोळं बांधलीस त्यांचं," एवढंच म्हणाले.

निपाणीला पोचल्यावर मी थेट श्वेताचे तयार होतानाचे फोटो काढायला आत गेले. दिवे आप्पांनी स्टेजजवळ उभे केले. मी बाहेर येऊन टेस्ट घेतली. तिन्ही दिवे एकदम. पुन्हा एकदा. तिन्ही! मी आप्पांकडे बघून भुवया उडवल्या. त्यांनी लक्षच दिलं नाही.

त्या दिवशी आप्पांनी मला फार वैताग दिला. स्टेजजवळ थांबायचं सोडून ते माणसामाणसाकडे फिरत होते. ज्याच्या हातात कॅमेरा दिसेल त्याला हात जोडून सांगायचे, "अण्णा, तेवढा फ्लॅश बंद करा की. पोरीचं काम चाललंय." एका तरुणाशी तर त्यांची चांगलीच जुंपली. मी जाऊन दबक्या आवाजात म्हटलं, "आप्पा, काढू द्या की त्यांना! रेडिओला काही फरक पडत नाही, किती वेळा सांगू?"

"व्हय व्हय," म्हणाले, आणि पुढच्या पाहुण्याकडे गेले.

अंतरपाट खाली आला. अक्षता पडल्या. मी सलग फोटो घेतले, हवेत उडणारे तांदूळ, श्वेताचं हसू, आज्जांनी हळूच पुसलेले डोळे. एकही दिवा चुकला नाही. एकही! जेवायच्या आधी आज्जा काठी टेकत माझ्याकडे आले, कॅमेऱ्यात स्वतःचा फोटो बघितला आणि म्हणाले, "पोरी, जमलं तुला."

चार वाजता सामान आवरायला घेतलं. ट्रिगरमधले सेल काढून ठेवायचे असतात, म्हणून मी दिव्यांवरच्या डब्या उघडल्या. पहिलीत सेल होते. दुसरी रिकामी. तिसरी रिकामी. ते चार सेल मीच लावलेल्या दुसऱ्या चार्जरमध्ये, खासबागला!

मी दिव्यांच्या पाठी बघितल्या. पहिल्या दिव्याच्या डोळ्यावर काळी पट्टी तशीच होती. दुसऱ्यावर नव्हती. तिसऱ्यावरही नव्हती.

पलीकडे आप्पा दिव्यांच्या छत्र्या मिटत आज्जांशी बोलत होते. "बघितलासा न्हवं? एक बी दिवा चुकला न्हाय. आता जमाना रेडिओचा हाय, आज्जा. तुमच्या धाकट्या नातीच्या लग्नाला बी मेन कॅमेरा पोरीचाच."

त्यांच्या शर्टाच्या खिशावर काळ्या टेपच्या दोन पट्ट्या चिकटलेल्या होत्या.