क्लचवरचा पाय

आमच्या घरात ट्रॅक्टरचं पुस्तक वाचलेली मी एकटी. बी.एस्सी. झालेलीही मी एकटीच, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. कर्जतच्या बाजूला आमची तीन एकर लिंबोणी. झाडांच्या ओळींतून मोठा ट्रॅक्टर जात नाही, म्हणून आप्पांनी छोटा घेतला. दोन वर्षांपूर्वी आईही तो चालवायला शिकली. साडीवर आप्पांचा जुना शर्ट चढवून ती बागेत रोटर मारायला, म्हणजे माती भुसभुशीत करायला लागली, की रस्त्यानं जाणाऱ्या मोटारसायकली हळू व्हायच्या.

मग वर्षात दुसऱ्यांदा क्लच गेला. इंजिन नुसतं ओरडायचं, ट्रॅक्टर पुढं सरकायचा नाही, आणि करपल्याचा वास शेजारच्या वस्तीपर्यंत. मी सुट्टीला आले होते. पुस्तकात बघून तपासणी केली. ब्रेक दाबून धरला, वरचा गियर टाकला, क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असेल तर इंजिन गचकन बंद पडायला पाहिजे. आमचं आपलं चालूच.

"प्लेट घसरतेय," मी जाहीर केलं.

मिस्त्री आला. त्यानं ट्रॅक्टर फोडला, म्हणजे बोल्ट काढून इंजिन आणि गियरबॉक्स वेगळे केले, आणि जळून काळी पडलेली प्लेट आप्पांच्या हातात दिली.

"कुनीतरी पायडलवर पाय ठिवून चालवतंय. क्लच अर्धवट दाबलेला ऱ्हातो, प्लेट जळती. दादा, वहिनींना शिलाई मशीन घिऊन द्या. तिथं पाय ठिवला तरी चालतोय."

जमलेले सगळे हसले. आप्पा हसले नाहीत, पण आईला म्हणाले, "आता तू न्हाई बसायचं ट्रॅक्टरवर."

आईनं हात शर्टाला पुसले आणि आत गेली. आणि मी काय केलं? मी तिच्या मागोमाग जाऊन तिला घर्षण समजावून सांगितलं. तळव्यावर तळवा घासून दाखवला. वर्गातल्या मुलीसारखं तिनं सगळं ऐकून घेतलं.

नवी प्लेट बसली. आई फिरून ट्रॅक्टरजवळही गेली नाही. पंधरा दिवसांनी मी परत घरी आले, तर बागेतून तोच वास. पायडल हातानं दाबून पाहिलं. क्लच लागायच्या आधी ते दोन बोटं ढिलं जायला पाहिजे. मिस्त्रीनं तेवढी ढील ठेवली होती. ती संपली होती. आणि या पंधरा दिवसांत चालवणारा माणूस एकच.

मी मडगार्डवर बसले. आप्पांनी गियर टाकला, ट्रॅक्टर निघाला. त्यांचा डावा पाय पायडलवरच.

"आप्पा, पाय काढा."

"काढलाय की."

"नाही काढलेला."

"अगं काढलाय! तुला काय ट्रॅक्टर शिकवायचाय का मला?"

मग त्यांनी खाली बघितलं. दुसऱ्याच कुणाचा पाय दिसावा तसं बघत राहिले. ट्रॅक्टर थांबवला. पाय बघावा म्हणून मी खाली उतरून त्यांची चप्पल काढायला गेले, तर ती निघेना. लिंबोणीचा काटा चपलेतून आरपार जाऊन टाचेत रुतला होता. भोवतीचं रक्त वाळलेलं.

"दुखत नाही?"

"न्हाई बा. कवा मोडला हा?"

शुगर त्यांना कितीतरी वर्षांपासून. गोळ्या आठवतील तेव्हा. कर्जतच्या डॉक्टरांनी काटा काढला, तळव्याला काय काय टोचून पाहिलं, आणि सांगितलं की पायाच्या नसा बधिर झाल्यात. येताना आप्पांनी रिक्षात विचारलं,

"म्हंजे ट्रॅक्टर बंद का आता मला?"

"होय," मी म्हणाले. मला गोड करून सांगता येत नाही. त्यांचा हात मात्र घर येईपर्यंत माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. क्लचला हात लावला आणि म्हणाला, "वहिनी परत बसल्या वाटतं!"

मी तोंड उघडलंच होतं. पण आप्पा बाजेवरून बोलले, चांगलं मोठ्यानं, "ती न्हवती. माझा पाय हुता. मागच्या टायमालाबी माझाच."

मिस्त्रीचा पाना थांबला. आई चहा घेऊन दारात उभी होती.

"मला वाटलं, माझाच पाय जात आसल," ती म्हणाली. "मी तर पाय मागं वढून धरायची. मांडीत गोळे यायचे. तरी म्हनलं, आपल्यालाच कळत नसंल."

"आई, चुकलं माझं," मी म्हणाले.

"तुझं काय चुकलं? तू पुस्तकातलं सांगितलंस."

मिस्त्रीनं चहा एका घोटात संपवला. "वहिनी, बसा वर. ढील तुमच्या पायाच्या अंदाजानं ठिवतो."

आई चढली. पायडल पूर्ण दाबायला तिला सीटच्या कडेवर सरकावं लागत होतं. दोन वर्षं ती अशीच कडेवर बसून चालवत होती, आणि आम्ही कुणी बघितलं नव्हतं.

"आरं, सीट पुढं घी तिची," आप्पा म्हणाले. "पाय पुरत न्हाईत तिचे."

मिस्त्रीनं सीटखालचे बोल्ट ढिले केले आणि सीट एक भोक पुढं घेतली. आईनं क्लच दाबला, सोडला, आणि डावा पाय खालच्या पत्र्यावर टेकवला. टाचेसकट.