लिमयेकाकांच्या होडीची बाकी कामं

होडी बाळगणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी साठत जातात. उरलेले नटबोल्ट आणि किस्से. नटबोल्ट मी मागेच भंगारवाल्याला देऊन टाकले. किस्से तो घेत नाही, म्हणून इथे लिहितोय.

पुण्यात आपली होडी आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी आपल्याकडे बघतो आणि मग विचारतो, "ठेवता कुठे? गच्चीवर?" हल्ली मी सरळ "हो" म्हणून मोकळा होतो, कारण खरं उत्तर लांबलचक आहे. मांजरीला नदीवर बंधारा आहे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून राहतं आणि तिथे काठाला घुले अण्णांचा ऊस. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका सरकारी खात्याने जुन्या पत्र्याच्या होड्या लिलावात काढल्या. पलीकडच्या रानात जायला अण्णांना एक होडी हवी होती. पण लिलाव चार होड्यांचा होता, सुटी एक मिळेना. अण्णांनी चारही उचलल्या आणि तीन ओळखीपाळखीत खपवल्या.

एक माझ्या गळ्यात पडली. मी तेव्हा हडपसरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होतो. दुसरी घेतली आमच्याच ऑफिसातून नुकत्याच रिटायर झालेल्या लिमयेकाकांनी. तिसरी इब्राहिमभाईंनी. त्यांचं नाना पेठेत स्कूटरच्या सीटा शिवायचं दुकान होतं आणि रविवारी गळ टाकून बसायचा नाद होता. चारही होड्या एका काकडीच्या फोडींसारख्या सारख्या. वर्षभरात मात्र एकीचा चेहरा दुसरीला ओळखू येईना, इतक्या सुधारणा आम्ही केल्या.

लिमयेकाकांनी होडी घेतली ती एकाच कारणासाठी. काकूंना एकदा त्यात बसवायचं, पलीकडच्या काठापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. "जन्मभर ओव्हरटाइम केला रे, तिला कुठे नेलंच नाही," असं ते मला एकदा म्हणाले होते. पहिल्याच रविवारी त्यांनी काकूंना विचारलं. काकू भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काम पुरं झालं की सांगा. मी येते."

बिचाऱ्या काकूंनी हे साध्या मनाने म्हटलं होतं. पण ऐकणारा ड्राफ्ट्समन होता. लिमयेकाकांनी त्याच संध्याकाळी एक वही आणली, कव्हरवर सुवाच्य अक्षरात 'बाकी कामं' असं लिहिलं आणि आत एक ते एकोणीस आकडे घातले.

*

पहिली दुरुस्ती मात्र माझी. या होड्यांना मागच्या बाजूला तळाशी एक भोक असतं. होडी काठावर ओढली की त्यातलं बूच काढायचं, आत साचलेलं पाणी निघून जातं. पाण्यात ढकलण्याआधी ते परत लावायचं. मी बूच काढून पँटच्या खिशात ठेवलं. पुढच्या रविवारी मी दुसरी पँट घालून आलो.

काठापासून वीस हात गेल्यावर पायाला गार लागलं. घोटा बुडाला, पोटरी बुडाली, तेव्हा मला पँट आठवली. अण्णा काठावरून शांतपणे बघत होते. परत येईपर्यंत त्यांनी शेतातला एक ऊस तोडून कोयत्याने त्याचं बोटभर पेर तासून ठेवलं होतं. ते त्यांनी भोकात ठोकलं. "पाण्यानं फुगतंय. बसतंय घट्ट," म्हणाले.

बसलं खरंच. थेंब आत आला नाही. अण्णांच्या ज्ञानावर मी इतका खूश झालो की नवीन बूच आणलंच नाही. तिसऱ्या रविवारी होडीत मुंग्या झाल्या. काळ्या, तांबड्या, सगळ्या जातीच्या. पाण्याच्या मधोमध मांडीवर चढलेल्या मुंगीपासून पळून जायला जागा नसते. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "लोकांच्या होडीला डिझेल लागतंय, तुमच्या होडीला मुंग्यांची पावडर."

*

लिमयेकाकांच्या वहीत एक नंबरला होतं, 'सीट, पाठ टेकायची सोय असलेली.' काकूंची कंबर दुखायची. काकांनी रीतसर ड्रॉइंग काढून इब्राहिमभाईंना दिलं, तीन बाजूंनी दिसणारं. इब्राहिमभाईंनी ते दुकानात भिंतीला चिकटवलं आणि मापात सूतभर इकडे तिकडे न होता मरून रेक्झिनची झकास सीट शिवून आणली. वर पांढरी पायपिंग. आमच्या होड्या तिच्यापुढे मोलकरणी दिसायला लागल्या.

पहिल्याच फेरीत आत पाणी उडालं आणि फोमने ते पिऊन टाकलं. वरून सीट कोरडी ठणठणीत. काका बसले की पाणी वर यायचं, उठले की आत जायचं. त्या दिवशी मांजरीहून परत जाताना बस रिकामी होती, तरी काका डेपोपर्यंत उभे. कंडक्टर तीनदा म्हणाला, "आजोबा, बसा की." काका म्हणाले, "बसूनच आलोय."

पुढच्या रविवारी त्यांनी इब्राहिमभाईंना गाठलं. इब्राहिमभाई गळाला कणीक लावत होते. म्हणाले, "काका, सीट स्कूटरची आहे. स्कूटर पाण्यात कोण घालतं?" पण मनाला लागलं त्यांच्या. आठवड्याभरात त्यांनी आत प्लॅस्टिक घालून सीट नवी करून आणली. आता पाणी शिरत नव्हतं. फक्त बसलं की असा आवाज यायचा की चारचौघांत बसायची सोय राहिली नाही. काकांनी वहीत 'सीट' खोडलं आणि खाली 'सीटचा आवाज' लिहिलं.

*

अकरावं काम हॉर्न. समोरून कोणी आलं तर, हे काकांचं कारण. त्या पाण्यावर आमच्या चार सोडल्या तर पाचवी होडी नव्हती.

हॉर्न आणायला काका मला बुधवार पेठेत घेऊन गेले. दुकानदाराने विचारलं, "कशाला लावायचाय?" काका म्हणाले, "होडीला." दुकानदार चष्म्यावरून आमच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गॅरंटी जमिनीवरची आहे." आणि बिल फाडलं.

ट्रकचा हॉर्न, त्याला बॅटरी, बॅटरीला लाकडी पेटी. रविवारी नदीच्या मध्यावर जाऊन काकांनी बटण दाबलं. पलीकडच्या काठाला एका गवळ्याच्या म्हशी डुंबत पडल्या होत्या. त्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या. काकांना वाटलं घाबरल्या, म्हणून त्यांनी माफी मागितल्यासारखा आणखी एक हलका हॉर्न दिला. म्हशी पोहत निघाल्या, सरळ होडीच्या दिशेने. काका वल्हं मारायला लागले तर म्हशी वेगात आल्या. पाच मिनिटांत होडीभोवती नऊ तोंडं, आणि एक तर मरून सीट चाटत होती.

अण्णा काठावरून ओरडले, "आता वाजवू नका! गवळ्याचा ट्रॅक्टर असाच वाजतोय. त्यांस्नी वाटतंय पेंड आली!"

काका अर्धा तास तसेच बसून होते. शेवटी गवळी ट्रॅक्टर घेऊन आला, त्याने खरा हॉर्न वाजवला आणि म्हशी काकांकडे नाराजीने बघत परत गेल्या.

*

आता जलपर्णीबद्दल सांगायला हवं. पहिल्या वर्षी ती वरून वाहत येणारी चार हिरवी पानं होती. तिसऱ्या वर्षी एक अख्खा काठ हिरवा झाला. चौथ्या वर्षी वल्हं टाकलं की ते वर यायला तयार नसायचं. अण्णा म्हणाले, "आणखी दोन साल. मग हितं पाणी दिसायचं न्हाय. चालत जावा पलीकडं."

लिमयेकाकांनी वही उघडून कामं मोजली. वहीत तेव्हा एकेचाळीस कामं होती. मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "काका, आहे तशीच आणा की काकूंना." ते म्हणाले, "पुरं झालं की, असं म्हणाली आहे ती. अर्धवट कामावर मी जन्मात सही केलेली नाही."

जलपर्णीवर उपाय अण्णांनी काढला. ऊसतोडीचे दोन कोयते होडीच्या नाकाला वेल्डिंग करून घेतले. धार समोर. होडी पुढे गेली की जलपर्णी कापली जाऊन दोन्ही बाजूंना पडायची. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी लगेच वहीत लिहिलं, 'कोयते, दोन, अण्णांप्रमाणे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांची होडी जागेवर नव्हती. होडीचा दोर बांधतात तो नाकालाच. नाकाला कोयते. वाऱ्याने होडी हलत राहिली आणि तिने आपला दोर आपणच कापला. सापडली ती बंधाऱ्याला टेकलेली, वर एक बगळा बसलेला. अण्णांना राग यायच्याऐवजी कौतुकच वाटलं. "धार चांगली लागलीया," म्हणाले.

काकांनी वहीतले कोयते खोडले. तोवर एवढं एकच काम न करता खोडलेलं मी पाहिलं होतं.

*

सहाव्या वर्षी काकांची होडी पाहण्यासारखी झाली होती. सीट, बाजूला धरायला कठडा, वर ताडपत्रीचं छप्पर, हॉर्न, बॅटरी, पेटी, पाण्याचा माठ ठेवायला लोखंडी कडं, चप्पल ठेवायला फळी. वहीत फक्त तीन कामं उरली होती. आम्ही तिघं श्वास रोखून होतो. इब्राहिमभाई म्हणाले, "ईदच्या आत काकू बसणार."

त्या रविवारी काका होडीत चढले आणि मान खाली घालून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला बोलावलं. पत्र्यावर खात्याने मारलेली एक पिवळी रेघ होती. पाणी या रेघेच्या वर आलं की होडी भरली असं समजायचं. काका एकटे बसले होते, आणि पाणी रेघेला लागलं होतं.

काकूंच्या सोयीसाठी इतकं सामान चढलं होतं की काकूंना जागा राहिली नव्हती.

काका काठावर येऊन बसले. आम्ही कोणीच हसलो नाही. अण्णांनी गूळ आणि पाणी आणून दिलं. पाणी पिऊन काका म्हणाले, "सगळं उतरवतो. प्रत्येक वस्तूचं वजन करतो. हलक्या पत्र्यात परत बनवतो." म्हणजे आणखी सहा वर्षं. पलीकडच्या काठापर्यंत जायला जलपर्णीने जेमतेम दोन होड्या मावतील एवढी वाट ठेवली होती.

सामान उतरवून टेम्पोत घातलं आणि काका ते घरी घेऊन गेले.

*

पुढच्या रविवारी सकाळी काका नुसत्या होडीच्या कडेने टेप लावून मापं घेत होते. मी वही धरून उभा होतो. तेवढ्यात उसातून अण्णा आले आणि त्यांच्या मागून काकू. नऊवारी नाही, पैठणी नाही, रोजची पाचवारी. हातात डबा, खांद्याला छत्री. हडपसरला बस बदलून एकट्या आल्या होत्या.

काकांच्या हातातला टेप सुटून सर्रकन आत गेला. "अगं, तू कशी?"

"मीच म्हणाले होते ना, काम पुरं झालं की येते."

"अगं, काहीच झालेलं नाही अजून!"

काकूंनी होडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सगळं सामान घरी आणून ठेवलंत. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही. गवंडी, सुतार काम संपलं की सामान उचलतात. मला वाटलं, संपलं."

सदतीस वर्षं ऑफिसात काकांनी मोठमोठ्या साहेबांच्या चुका दाखवल्या होत्या, पण यात त्यांना चूक सापडेना.

अण्णांनी एक गोणपाट झटकून होडीत अंथरलं. काकू त्यावर अशा बसल्या, जशा पाटावर बसतात. काका समोर उघड्या पत्र्यावर. मी बूच लागलंय का ते दोनदा पाहिलं आणि ढकललं.

ती दोघं जलपर्णीच्या वाटेने पलीकडे गेली. आम्हाला लांबून छत्री तेवढी दिसत होती. पलीकडे डबा उघडला असावा, कारण बराच वेळ छत्री हलली नाही. इब्राहिमभाईंच्या गळाला त्या दिवशी मोठा मासा लागला होता आणि त्यांचं लक्षच नव्हतं.

दोन तासांनी होडी काठाला लागली. अण्णांनी हात देऊन काकूंना उतरवलं आणि विचारलं, "कशी वाटली काकू, होडी?"

"छान आहे की," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं कशाला झाकून ठेवली होती?"

काका कंबर धरून हळूहळू उतरले, माझ्या हातातून वही घेतली, सगळ्या कामांवरून एक आडवी रेघ मारली आणि खाली काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. सुवाच्य अक्षरात एवढंच होतं: 'गोणपाट, आणखी एक.'