पाणी अंगावर पडत नाही

मी लातूरला वीसेक वर्षं मुलांना तरंग शिकवले, आणि तोवर समुद्र पाहिलेला नव्हता.

यात मला काही वावगं वाटत नव्हतं. लाटा फळ्यावर फार छान निघतात. शिवाय समुद्र बघायचा म्हणजे हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात लातूरच्या क्लासवाल्याला मरायलासुद्धा सवड नसते. रिपीटरची बॅच, क्रॅश कोर्सची बॅच, टेस्ट सिरीज. पत्र्याच्या शेडमध्ये पोरं दाटीवाटीनं बसलेली, मागच्या रांगेला माझा चेहराही दिसायचा नाही, म्हणून मी आवाज कमावला. (हा आवाज लक्षात ठेवा. पुढं घात त्यानंच केला.)

माझा कॉलेजचा दोस्त हबीब नांदेडला चष्म्याचं दुकान चालवतो. क्लास वाढले तसे पोरांचे नंबर वाढले आणि नंबर वाढले तसं हबीबचं दुकान वाढलं, त्यामुळं त्याला माझ्याबद्दल मनापासून जिव्हाळा आहे. तोच एकदा म्हणाला, "मास्तर, उद्या तू मेलास ना, तर लोकं पहिले विचारतील, डाऊट कोण सोडवणार? चल, श्रीलंकेला जाऊ. समुद्राच्या काठाला निवांत बसू. मी, नसीम, तू आणि वहिनी."

मी नाहीच म्हणणार होतो. पण 'वहिनी' म्हटल्यावर थांबलो.

आमची सुनंदा निवांत झोपत नाही. भूकंप झाला तेव्हा ती माहेरी होती, औशाजवळच्या खेड्यात. घरातली सगळी वाचली, पण तिच्या खोलीच्या दाराची चौकट वाकली आणि आतली कडी निघेना. वडिलांनी बाहेरून दार फोडलं तोवर ती आत कडी ओढत होती. तेव्हापासून तिनं झोपताना दाराला कधी कडी लावली नाही. आणि उशाशी एक पेला उपडा घालून त्यावर पितळी तांब्या ठेवायचा. जमीन जरा हलली की तांब्या पडणार, आपण जागं होणार आणि मैदान गाठणार. त्या काळात ही यंत्रणा आमच्याकडं घरोघर होती. हळूहळू लोकांनी तांबे उचलून परत देव्हाऱ्यात ठेवले. सुनंदानं उचलला नाही. माझ्या बहिणी हसायच्या, "वहिनी, तांब्या झोपला का?" ती तांब्या पेल्यावर नीट सरळ करायची. मला वाटायचं, बाईला एकदा तरी दार लावून गाढ झोप लागावी. तेवढ्यासाठी मी पासपोर्ट काढला.

श्रीलंकेतल्या पहिल्याच गावात तिनं तांब्या बॅगेतून काढला. (विमानतळावर त्या तांब्याची तपासणी माझ्यापेक्षा जास्त वेळ चालली.) मग आम्ही दक्षिणेच्या किनाऱ्यावर दुसऱ्या गावी गेलो, तिथं निमल नावाच्या गृहस्थाच्या घरी दोन खोल्या घेतल्या. गाव असं देखणं की मला फळ्यावरच्या माझ्या लाटांची लाज वाटली. नारळाची झाडं पार पाण्यावर वाकलेली, मासेवाले सायकलवरून हिंडताहेत, आणि कुणालाच कशाची घाई नाही. डिसेंबरात स्वेटर नाही, कानटोपी नाही, टेस्ट सिरीज नाही. हबीब बनियनवर बसून नारळपाणी प्यायचा आणि म्हणायचा, "या अल्ला, आमचं नांदेड इथं आणून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

पण तांब्या पेल्यावर आणि कडी उघडीच.

एके दिवशी सकाळी आम्ही नाश्ता करत असताना निमल काहीतरी सांगायला आला. "सर, आज दुपारी..." एवढंच तो म्हणाला. नेमकं तेव्हा मी हबीबला लाट कशी पुढं जाते आणि पाणी जागेवरच कसं वर-खाली होतं ते समजावून सांगत होतो. म्हटलं, यालाही ऐकू दे, बिचाऱ्याचा जन्म समुद्रावर गेला, कुणी सांगितलं नसेल. टेबलावरचं मीठ, मिरी, चमचे सगळं कामाला लावलं. निमल भला माणूस, हात बांधून ऐकत राहिला. दोनदा त्यानं तोंड उघडलं. दोनदा मी म्हटलं, "शंका शेवटी." शेवटी होईपर्यंत तो निघून गेला होता.

दुपारी जेवण जड झालं, वारा सुटला आणि सुनंदाचे डोळे मिटायला लागले. मी संधी साधली.

"आज कडी लाव."

"नगं."

"अगं, इथं काय हलणारंय? मी भौतिकशास्त्राचा माणूस आहे. जबाबदारी माझी."

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "तुमची हाय ना जबाबदारी?" म्हणाली, आणि स्वतः उठून कडी लावली. तांब्या पेल्यावरून उचलून खाली ठेवला. आडवी झाली आणि बघता बघता घोरायला लागली. मला इतका आनंद झाला की मी तिला झोपलेली बघत बसलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती घोरते हे मला तेव्हा कळलं.

आणि गावात भोंगा वाजला.

साधासुधा नाही. आमच्या साखर कारखान्याचा भोंगा त्यापुढं बासरी म्हणावा असा. सुनंदा ताडकन उठली, "हाललं का?" मी म्हटलं, "नाही, नाही," आणि कडीला हात घातला. कडी निघेना. खाऱ्या हवेनं लोखंड गंजलेलं, दार फुगलेलं. मी ओढली, ढकलली, लोंबकळलो. मागं वळून सुनंदाकडं बघायची माझी हिंमत होईना.  अख्ख्या जगात एकच गोष्ट या बाईवर पुन्हा यायला नको होती, आणि ती मी विमानाचं तिकीट काढून आणली.

तिनं मला बाजूला केलं. खाली ठेवलेला तांब्या उचलला आणि कडीवर असा हाणला की दार उघडलं आणि कडी थेट अंगणात जाऊन पडली.

बाहेर आल्यावर मात्र मी सावरलो. भोंगा म्हणजे भूकंपाचाच इशारा, असं मी धरून चाललो. भूकंप झाला तर काय करायचं हे लातूरच्या माणसाला कुणी शिकवायला नको. भिंतीपासून लांब, झाडापासून लांब, खांबापासून लांब, मोकळं मैदान गाठायचं. आणि तिथं सगळ्यात मोकळं मैदान कुठलं? समोरच होतं, लांबलचक, वाळूचं.

"मैदानात चला!" मी कमावलेला आवाज सोडला. हबीब आणि नसीमभाबी खोलीतून पळत आले. वाटेत खुर्च्या टाकून पडलेले गोरे पाहुणे गोंधळून उठले होते, त्यांनाही इंग्रजीत ओरडून सांगितलं, "कम, कम! ओपन स्पेस!" माझ्या आवाजात असं काही आहे की माणूस विचार न करता बाकावर बसतो. पाच-सहा जण निमूट मागं आले. मी सगळ्यांना वाळूवर रांगेत बसवलं.

हबीब समोर बघत म्हणाला, "मास्तर, इथं पाणी आहे."

"पाण्याचं काय? पाणी अंगावर पडत नाही. भिंत पडते."

आता हसू नका. लातूरच्या माणसानं पाण्यासाठी पळापळ आयुष्यभर केलेली असते. पण ती टँकरच्या दिशेनं. पाणी जास्त झालं म्हणून त्याच्यापासून लांब पळायचं असतं, ही कल्पना आमच्या डोक्यात येणार कुठून?

सुनंदा बसली नव्हती. ती गावाकडं बघत होती. "अहो, सगळं गाव तिकडं टेकडीवर पळायलंय. लेकरं घेऊन, म्हातारी माणसं घेऊन. एक बाई तर गाय घेऊन चाललीया."

"त्यांना भूकंपाचा अनुभव नाही."

"समुद्राचा असंल की," ती म्हणाली. नसीमभाबीचा हात धरला आणि चालू लागली. मी बसा म्हटल्यावर न बसलेली ती माझ्या कारकिर्दीतली पहिली व्यक्ती. रस्त्याला निमलची आई गुडघा धरून उभी होती. सुनंदानं तिचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या हातात तांब्या, आणि तिघी टेकडी चढायला लागल्या. या दोघींना निमलच्या आईची भाषा येत नव्हती आणि तिला यांची, असं लांबून कुणाला वाटलंही नसतं.

एक लाट आली आणि माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. हबीब हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, ते त्सुनामी का काय असतं, ते तू शिकवतोस ना?"

"ते परीक्षेला येत नाही, म्हणून आम्ही सोडतो," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता भोंगा कशाचा ते मला कळलं. मी समुद्राकडं बघितलं, मग टेकडीकडं. सुनंदाची हिरवी साडी निम्म्या चढावर दिसत होती. ती माझं ऐकत नाही याबद्दल मी देवाचे इतके आभार कधीच मानले नव्हते.

"उठा!" मी ओरडलो. पण तेवढ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेली एक बाई अगदी सावकाश चालत आमच्याकडं आली. तिनं पिशवीतून लाल कार्डं काढली आणि रांगेनं आमच्या गळ्यात घातली. (रांग मीच लावून दिली होती, तिचं काम सोपं झालं.) कार्डावर तीन भाषांत लिहिलं होतं. त्यातलं इंग्रजी मी वाचलं. त्याचा अर्थ होता, 'वाहून गेलेला'.

मग तिनं सांगितलं की हा सराव आहे, घरोघर आधीच कळवलेलं आहे, आणि तुम्ही आता पळू नका, कारण तुम्ही मेलेले आहात. गोऱ्या पाहुण्यांपैकी एक आजोबा माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते, तसं नापास झालेल्या पोराच्या बापानंही कधी बघितलं नव्हतं.

आम्ही मेलेले टेकडी चढून गेलो. वर विहाराच्या अंगणात सगळं गाव जमलेलं, चहा आणि बनपाव वाटत होते. सुनंदा निमलच्या आईशेजारी चटईवर बसून तांब्यानं लोकांना पाणी देत होती. मी समोर उभा राहिलो. मला वाटलं, आता ती कडीचं बोलणार, आणि तिचं म्हणणं मला मान्य होतं.

तिनं मला निमलला विचारायला लावलं, "म्हंजे काई झालेलं नसताना सगळं गाव पळतं?"

निमल म्हणाला, "हो. अधूनमधून. एकदा फार वाईट झालं होतं इथं. म्हणून."

मी मराठीत सांगितलं. तिनं जमलेल्या माणसांकडं पाहिलं. मग म्हणाली, "आन कुणी हसत न्हाई?"

"नाही."

"बघा," ती म्हणाली. "मी येडी न्हाई." आणि त्याच चटईवर, शे-दोनशे माणसांच्या गलक्यात, निमलच्या आईच्या मांडीशी डोकं टेकवून ती झोपली. घोरली सुद्धा. मी गळ्यात कार्ड घालून शेजारी बसलो आणि तिच्यावरच्या माश्या वारत राहिलो. वीसेक वर्षं मी तिची भीती घालवायच्या मागं होतो. तिला फक्त स्वतःसारखं गाव हवं होतं.

निघताना तिनं तांब्या निमलच्या आईला देऊन टाकला. "कडी अडकंल तर हाणायला," म्हणाली.

लातूरला परत आल्यावर पहिल्याच रात्री सुनंदानं आपल्या हातानं कडी लावली आणि सकाळी उन्हं आत आली तरी झोपलेली होती. उठली तेव्हा तिला माझ्या उशाशी उपडा पेला दिसला, आणि त्यावर देव्हाऱ्यातला तांब्या.

"ह्यो कुणी ठेवला?"

मी घसा साफ केला. म्हटलं, "त्याचं असं आहे, भूकंपाच्या लहरी दोन प्रकारच्या असतात..."

तिनं खुंटीवरचं लाल कार्ड काढलं, माझ्या गळ्यात घातलं आणि चहा टाकायला गेली.