मेजावर ठेवलेलं मूल

मी अजून मान धरत नव्हते, तेव्हा आईनं मला भोपळ्यांच्या रांगेत नेऊन ठेवलं. हे मला आठवणं शक्य नाही. पण ही गोष्ट मी इतक्या तोंडांतून ऐकली आहे की भोपळ्याचा गारवा अजून पाठीला लागतो.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, हंगामाचा सण असतो. भात आणि भुईमूग निघाला की एका रविवारी जो तो आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी घेऊन उपासनेला येतो. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस ज्यावर ठेवतात त्या मेजावर आणि मेजापुढं भोपळे, नारळ, शेंगांची पिशवी, उसाची मोळी, पाय बांधलेली एखादी कोंबडी असं सगळं मांडतात. पाळकसाहेब त्यावर प्रार्थना करतात आणि उपासना सुटली की बाहेर अंगणात त्याचा लिलाव होतो. कोंबडी नेमकी उपदेशाच्या मध्यात ओरडते आणि पोरं फिदीफिदी हसतात. सगळ्यांना हा सण आवडतो. मला कधी आवडला नाही, कारण दरवर्षी त्या दिवशी कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचंच, "हीच ती, मेजावरची."

आईला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. शास्त्रात, म्हणजे बायबलात, एक बाई आहे, मंदिरात जाऊन नुसते ओठ हलवत रडणारी. मूल दे, ते तुलाच देईन, असं तिनं देवाला सांगितलं होतं. आईनं तेच केलं. सगळ्या मंडळीनं तिच्यासाठी प्रार्थना केल्या, उपास धरले, आणि मग मी झाले. आई हातकणंगल्याकडच्या शेतकरी घरातली. पहिलं पीक देवाचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. तिनं मला दुपट्यात गुंडाळून मेजावर ठेवलं. लिलावाच्या वेळी मंडळीचे एक पंच, मोठा चेष्टेखोर माणूस, मला उचलून म्हणाले, "बोला, ह्या मालाला काय बोली?" अंगणभर हशा पिकला. आई हसली नाही. पुढं होऊन तिनं मला त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "ही लिलावाची न्हाय. ही देवाची हाय."

झालं. माझा निकाल तिथंच लागला.

देवाची असायचं म्हणजे नेमकं करायचं काय, हे मात्र कुणी सांगितलं नाही. मुलगा असते तर पाळक झाले असते. मुलीला आमच्या मंडळीत तेव्हा उपदेशाला उभं राहता येत नव्हतं. मग मी रविवारी लहान मुलांना गाणी शिकवली, पायपेटी वाजवली, नाताळात कागदी तारे चिकटवले आणि सभा झाल्यावर चहाचे कप विसळले. विश्वाच्या निर्मात्याला माझ्याकडून हेच हवं होतं का, अशी शंका कप विसळताना फार यायची.

आमचं घर शिवाजी पेठेत, आणि गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. शेजारी दूध घालणाऱ्या काकू राहायच्या. ‘देवाला दिलेली’ हे त्यांनीही ऐकलं होतं. एकदा वेणी घालायच्या निमित्तानं त्यांनी मला पुढ्यात बसवलं आणि माझं डोकं चांगलं चाचपलं. आईनं कारण विचारलं तर म्हणाल्या, "जट हाय का बघत हुतो. तुमच्यात बी सोडत्यात व्हय पोरी देवाला?" केसांत जट निघाली की पोरगी देवीची, तिला देवीला सोडायची, असं आमच्या भागात चालायचं आणि त्या पोरींचं पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आई भडकली. आमच्यात असलं काही नसतं, आमची गोष्ट वेगळी, असं तिनं बरंच सुनावलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि माझी वेणी पुरी केली. उठताना एवढंच म्हणाल्या, "पर पोरीला इचारलं न्हाई, ते दोन्हीकडं सारखंच की." आईनं त्यानंतर कितीतरी दिवस दूध दुसरीकडून घेतलं.

वडील कमी बोलायचे. एका दवाखान्यात ते कंपाउंडर होते. मी कॉलेजात असताना ते गेले, आणि घरात आई आणि मी अशा दोघीच राहिलो. मी गडमुडशिंगीला शाळेत विज्ञान शिकवायला लागले. तिथं एक सर होते. मिरजेकडचे, ख्रिस्तीच, म्हणजे मोडता घालायला तेही निमित्त नव्हतं. येताना आम्ही एकाच बसनं यायचो. खिडकीची जागा ते मला द्यायचे आणि मग सबंध रस्ता माझ्याशी वाद घालायचे. मला तो वाद आवडायचा. शाळा सुटायच्या घंटेची मी मुलांपेक्षा जास्त वाट बघायची.

एका संध्याकाळी बसस्टॉपवर त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी म्हणाले, "मला देवाला दिलंय."

"तुम्हाला विचारून?"

मी बसच्या भाड्याचे सुटे पैसे मोजायला लागले. मग ते म्हणाले, "बरं, मग त्याच्याकडंच रीतसर मागणी घालतो. कुठं भेटतो तेवढं आईंना विचारून ठेवा." मला हसू आलं आणि रडूही आलं. पण मी नाहीच म्हणाले. घरी आल्यावर आईला सांगितलं, की असं असं विचारत होते, मी नाही म्हणून आले. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा थापायला लागली. मी त्याचा एकच अर्थ घेतला, की बरोबर केलंस.

सर पुढं बदली करून गेले. आता नाताळला त्यांच्या शुभेच्छा फोनवर येतात, नातवंडांच्या फोटोसकट. मी हात जोडल्याचं चित्र पाठवते आणि फोन पालथा ठेवते.

मी निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात आई न्हाणीत पडली. मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून ती खाटेवर आणि मी खाटेभोवती. शाळा होती तोवर दिवस भरलेला असायचा. आता सकाळचं आवरलं की समोर नुसती दुपार असते. पेठेच्या टीमची मॅच असली की सगळी गल्ली फुटबॉल बघायला जाते. मोटारसायकलींचा गोंगाट लांब लांब जातो आणि इतकं सामसूम होतं की आईच्या खाटेची करकर बाहेर ओट्यावर ऐकू येते. अशा वेळी मला वाटतं की आपण या गल्लीत चुकून राहिलेलो आहोत. कुणाला हाक मारावी तर काय कारण सांगून मारायची, हे सुचत नाही.

देवाशी माझं भांडण तसं जुनं, पण या दुपारींत ते फार वाढलं. प्रत्येक माणसाला देवानं काहीतरी हेतूनं घडवलंय, असं मी स्वतः मुलांना गाण्यातून शिकवलेलं. मग माझा हेतू कोणता? आणि तो त्यानं आधीच ठरवला असेल, तर त्यात मी कुठं आहे?

आमचे हल्लीचे पाळकसाहेब तरुण आहेत, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. महिन्यातून एकदा आईला प्रभुभोजन द्यायला घरी येतात. एकदा चहा घेताना मी त्यांना धरलंच. म्हटलं, "बागेतलं ते मनाई केलेलं फळ पहिला माणूस खाणार, हे देवाला माहीत होतं ना? मग झाड लावलं कशाला?"

ते हसले. असा प्रश्न त्यांना शिकवलेला असणार. "बाई, तुम्ही शिक्षिका होता. कोण नापास होणार हे तुम्हाला आधीच कळायचं की नाही? म्हणून काय तुम्ही त्याला नापास केलं असं होतं का? देवाला माहीत असतं, पण तो आपल्यावर बळजबरी करत नाही. इच्छा आपली आपल्याला दिलीय त्यानं."

"माझ्या वर्गातल्या पोराला मी जन्माला घातलं नव्हतं, पाळकसाहेब. पेपरही मी काढायची नाही. इथं पोरगं त्याचं, पेपर त्याचा आणि तपासणाराही तोच."

त्यांनी कप खाली ठेवला. मी बोलतच सुटले. "आणि इच्छा सगळ्यांना दिली म्हणता. मला कुठं दिली? माझी जन्माआधीच काढून घेतली. मेजावर ठेवलेल्या भोपळ्याला कसली इच्छा?"

"आपण ह्यासाठी प्रार्थना करू," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. भला मुलगा आहे. जाताना पायरीवर थांबून म्हणाला, "बाई, खरं सांगू का, मलाही कधीकधी कळत नाही." मला त्याच्या सगळ्या उपदेशांपेक्षा तेवढं आवडलं. पण तो गेला आणि घर पुन्हा होतं तसं झालं.

यंदाच्या हंगामाच्या सणाचा निरोप मंडळीच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी आईच्या पायाची नखं काढत होते. दुपारची वेळ होती आणि आई चांगली जागी होती. मी निरोप तिला वाचून दाखवला आणि कसं कोण जाणे, इतकी वर्षं घशात अडकलेलं विचारून टाकलं.

"आई, मला देऊन टाकताना तुला काहीच वाटलं नाही?"

"कुनाला देताना?"

"देवाला."

ती छपराकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुला कुठं दिलं? मी पोरगा मागितलता."

मला वाटलं, ती भरकटली. पण तिची नजर स्वच्छ होती. "पोरगा दे, तुला देतो, असं म्हनलं हुतं मी. तू झालीस. म्हंजे त्यानं माझं ऐकलंच न्हाई. मग देनं कुठलं?"

"मग मेजावर का ठेवलंस मला?"

"सगळ्यांनी उपास केलतं माझ्यासाठनं. पोरगी झाली म्हनून हात हालवत जाऊ? म्हनून ठेवलं. आन् त्यो मुडदा बोली लावाय लागला, तवा डोस्कं फिरलं माझं. रागाच्या भरात बोलून गेलो."

"त्या बोलण्यावर मी सगळा जन्म काढला, आई."

"ते मला काय म्हाईत? मला वाटलं, तुझ्याच मनात हाय तसं."

"सरांचं सांगितलं, तेव्हा तू गप्प बसलीस."

"व्हय. बसलो." तिनं पांघरुणाची दुमड सारखी केली. मग म्हणाली, "तू भांडशील म्हनून वाट बघत हुतो. मला लगीन करायचंय, असं एक डाव म्हनली असतीस तर मी कशाला मोडता घातला असता? तूच न्हाई म्हनून आलीस. मग मी काय बोलू?"

मी तिचा पाय हातात धरून तशीच बसले होते. ती म्हणाली, "ह्या बोटाचं ऱ्हायलं बघ."

मी राहिलेलं नख काढलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. अंगाचा नुसता भडका उडाला होता. आईवर रागवावं तर ती खोटं बोलली नव्हती. देवावर रागवायची मला सवय होती, पण त्यानं तर मला मागितलंही नव्हतं. बसस्टॉपवर नाही म्हणणारी मीच. इच्छा मला दिलेली होती, धडधाकट होती, आणि मी ती वापरलीही होती. फक्त वापरताना नाव दुसऱ्याचं सांगत राहिले. पाळकसाहेबांचंच खरं निघालं, याचा आणखी वेगळा राग आला.

राग उतरल्यावर जे उरलं ते फार वाईट होतं. देवाची आहे म्हणून मी एकटी, असं मी स्वतःला सांगत आले होते. आता ते कारण गेलं आणि एकटी तेवढी राहिले. मी ओट्याला धरून पुष्कळ रडले. आईला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला होता.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे आम्ही दोघी प्रार्थनेला बसलो. आईनं तिची प्रार्थना पुटपुटली, मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं घेतली आणि तिचा डोळा लागला. मग माझी पाळी आली. एक प्रश्न अगदी जिभेवर आला. तू मला मागितलं नव्हतंस, हे आज कळलं. आता मी माझी मी, कुणी न ठेवता, आले तर तुला हवी आहे का? एवढंच विचारायचं होतं. पण नको असं उत्तर आलं, तर या वयात मी कुणाची? मी आमेन म्हणाले आणि आईच्या अंगावर पांघरूण ओढलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो प्रश्न येतो. विचारायचा की नाही, ते आता माझ्याशिवाय कुणीच ठरवणार नाही. मी अजून विचारलेला नाही.